नाशिकहून अलिबाग: शिळफाट्यावरून की मांडव्यावरून?

परीक्षा संपल्या की नाशिकमधल्या घराघरांत अलिबागचा विषय निघतो आणि त्यामागोमाग वादही निघतो. थेट रस्त्याने जायचं की रेल्वेने मुंबई गाठून गेटवेवरून बोट धरायची? मी दोन्ही करून पाहिलंय. खिशाला फार चाट न लावता काय बरं पडतं, एवढंच इथे सांगतो. ज्यांना बंगला आणि पोहण्याचा तलाव लागतो, त्यांचा हिशोब वेगळा आहे.

आधी पैशांचं बघू. एकट्यादुकट्या माणसाला दोन्हीकडून फारसा फरक पडत नाही. घरच्या बायका बरोबर असतील तर मात्र एसटीला तोड नाही. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच. पनवेलला बस बदलायची तयारी असेल, तर नुसत्या तिकिटाच्या हिशोबात रस्ता जिंकतो. चौघं मिळून एका गाडीतून जाणार असाल तरी रस्त्याचंच पारडं जड.

शिवाय आता समृद्धी आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसारा घाट टळला. तेव्हापासून आमचे गाडीवाले मित्र मनगटावरचं घड्याळ दाखवत बोलतात. आमण्यापर्यंत त्यांचं म्हणणं खरं आहे. पण आमण्याच्या पुढे समृद्धी नाही, भिवंडी आहे. तिथून मुंब्रा बायपासने या नाहीतर कल्याणकडून या, गाठ शेवटी शिळफाट्याशीच, म्हणजे कल्याण, मुंब्रा आणि पनवेलचे रस्ते मिळतात त्या चौकाशी.

माझा निर्णय झाला तो इथेच. गर्दी सगळीकडे असते, तिचं मला एवढं वाटत नाही. पण हा रस्ता पुढे कळंबोलीवरून न्हावा-शेवा बंदराकडे जातो आणि अलिबागला जायचे आपले चांगले महिने, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, हाच आपल्या द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम. पिंपळगाव-दिंडोरीकडून भरून निघालेले थंड कंटेनर, कांद्याचे कंटेनर, शिवाय बाकीच्या महाराष्ट्राचा माल, सगळे याच फाट्यावर. पुढे एक, मागे एक, बाजूला एक. आपलीच द्राक्षं आपल्याला समुद्रापर्यंत पोहोचू देत नाहीत! कधी वीस मिनिटांत सुटका होते, कधी दीड तास जातो. हे आधी कळायला काही मार्ग नाही. मोबाइलवरची लाल रेघ बघून निघावं, तर तिथे पोहोचेपर्यंत ती दुप्पट लांब झालेली असते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर या अनिश्चिततेचा जो वैताग येतो, तो पुढे वडखळपर्यंत उतरत नाही. तुमचा अनुभव कदाचित बरा असेल. पहाटे चारला निघणारे लोक सुखात जातात म्हणे.

आता दुसरी वाट. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडायची. १९७५ पासूनची गाडी, तिच्याबद्दल नाशिककराला काय सांगायचं? बसायच्या जागेचं आरक्षण आधी करा, आणि पासधारकांच्या डब्यात सामान घेऊन शिरू नका, एवढंच. सीएसएमटीहून बेस्टच्या बसने गेटवे. तिथून अलिबागजवळच्या मांडवा जेट्टीला कॅटामरान, म्हणजे जलद प्रवासी बोट, साधारण तासाभराची. त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागची बसही येते, हे नवख्यांना ठाऊक नसतं. वाटेत नांगरलेली मालवाहू जहाजं आणि लांबवर न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसतात. त्या कंटेनरांचा तेव्हा राग येत नाही, उलट जरा कौतुकच वाटतं.

खोड्या याही वाटेत आहेत. शहरातून नाशिकरोडपर्यंत जायचं, मग रेल्वे, बस, बोट, परत बस, आणि दर वेळी बॅगा मोजायच्या. जड सामान असेल तर नकोसं होतं. पावसाळ्यात गेटवेची बोट बंद असते. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट आहे, २०२० पासूनची. हार्बरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनवरून तिथे जाता येतं. त्याच धक्क्यावरून रेवसची साधी लाँचही सुटते. फारच काटकसर करायची असेल तर ती, पण ओहोटीला चढ-उतार करायची सवय हवी.

मला या वाटेचा आणखी एक फायदा वाटतो. बंदराचं शहर आपोआप पदरात पडतं. घारापुरीच्या बोटी गेटवेवरूनच सुटतात (सोमवारी लेणी बंद असतात). मुक्काम मात्र मुंबईत करू नका, तेवढ्या पैशात आक्षी-नागावला घरगुती खोली आणि माशाचं ताट दोन्ही होतं, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. त्यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. कालनिर्णय बघून सहल ठरवता येते. बाकी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. लासलगावच्या जिल्ह्यातल्या माणसाने तिथे जाऊन कांद्याची माळ विकत घ्यावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्याकडे येते.

काशिद, मुरूड, जंजिरा असं पुढपर्यंत जायचं असेल आणि स्वतःची गाडी असेल, तर मी रस्त्याला नाही म्हणणार नाही. अलिबागच्या पुढे स्थानिक बसच्या वेळा सांभाळण्यात दिवस जातो. पण अलिबाग-नागावपुरतं जायचं असेल, दोन-तीन माणसं असतील आणि पाठीवर मावेल एवढंच सामान असेल, तर बोट.

परतीचं एक बघा. पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे मांडव्याहून तीनच्या आतली बोट धरलेली बरी. रविवारी तर दोनच्या आतली, कारण जेट्टीवर रांग असते. पंचवटी चुकली तरी रात्री लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत, पण त्यात नाशिकरोडपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा.