किंमत ठेवायची, लोप करायचा की क्रेमर?

क्ष आणि य अशा दोन चलांची (अज्ञात संख्यांची) दोन समीकरणं एकत्र सोडवायच्या तीन पद्धती आहेत: एका समीकरणातून एका चलाची किंमत काढून ती दुसऱ्यात ठेवणं, समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एका चलाचा लोप करणं म्हणजे ते घालवणं, किंवा ठरलेल्या साच्यात आकडे मांडायची क्रेमरची पद्धत. प्रश्नातच पद्धत नेमून दिली असेल तर निवडायला काही उरत नाही. पण नुसतं ‘सोडवा’ म्हटलं असेल, तर आकडेमोडीला लागण्याआधी सहगुणकांवर, म्हणजे चलांना लागलेल्या आकड्यांवर, नजर टाका.

एखाद्या चलाचा सहगुणक १ किंवा −१ असेल तर बिनधास्त किंमत ठेवा. शाब्दिक उदाहरणांत अशी सोय बऱ्याचदा आयतीच मिळते. वही पेनपेक्षा ७ रुपयांनी महाग. ३ वह्या आणि २ पेन मिळून ७१ रुपये. पेनची किंमत क्ष मानली की वही क्ष + ७. मग ३(क्ष + ७) + २क्ष = ७१, म्हणजे ५क्ष = ५०. पेन १० रुपयांना, वही १७ला. इथे लोपाच्या मागे लागणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

आता हे घ्या: ५क्ष + ३य = ३१ आणि ७क्ष − ४य = २७. किंमत ठेवायची तर य = (३१ − ५क्ष)/३, आणि तो छेद पुढच्या ओळीतही सोबत येतो. ३ने गुणून तो घालवला की २१क्ष − १२४ + २०क्ष = ८१, म्हणून ४१क्ष = २०५. लोप करायचा तर पहिल्याला ४ने, दुसऱ्याला ३ने गुणून बेरीज; पुन्हा ४१क्ष = २०५. क्रेमरच्या पद्धतीत सहगुणकांचा निश्चयक (चौकटीत मांडलेल्या चार आकड्यांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) ५ × (−४) − ३ × ७ = −४१, आणि क्षच्या सहगुणकांच्या जागी ३१ व २७ ठेवून येणारा क्षचा निश्चयक −२०५; दुसऱ्याला पहिल्याने भागलं की क्ष. उत्तर अर्थात क्ष = ५, य = २. तिन्ही वाटांवर तेच ४१ आणि तेच २०५ भेटले, म्हणजे आतली आकडेमोड एकच. तेव्हा पद्धत निवडताना एवढंच बघायचं, की तुमचा हात कुठे घसरतो.

किंमत ठेवताना तो कंसापाशी घसरतो. य = २क्ष − ५ ही किंमत ३क्ष − २य मध्ये ठेवली की ३क्ष − ४क्ष + १० यायला हवं; घाईत −१० लिहिलं जातं. कंस न घालता किंमत ठेवू नका. लोपात वजाबाकी करताना खालच्या ओळीतलं एखादं चिन्ह बदलायचं राहतं. म्हणून जमेल तिथे बेरीजच होईल असं गुणा. क्रेमरमध्ये ऋण संख्यांचे गुणाकार सांभाळावे लागतात. पण सहगुणक बोजड असतील तर माझं मत त्यालाच, कारण साचा ठरलेला असतो.

२३क्ष + १९य = ८८ आणि १९क्ष + २३य = ८० अशी जोडी दिसली तर तिन्ही बाजूला ठेवा. बेरजेतून क्ष + य = ४, वजाबाकीतून क्ष − य = २; क्ष = ३, य = १.

एका बाबतीत मात्र किंमत ठेवणं सरस. २क्ष − य = ३ आणि ४क्ष − २य = १० मध्ये य = २क्ष − ३ ठेवलं की क्ष उडून जातो आणि ६ = १० उरतं. उकल नाही, हे तिथल्या तिथे दिसतं. क्रेमरमध्ये निश्चयक ० येतो; उकल मुळीच नाही की अगणित आहेत, हे कळायला उरलेले निश्चयकही काढावे लागतात.