पहिला गेमिंग पीसी ५०-६० हजारांत: ५६००जी, ५६०० की थेट एएम५?

पहिला पीसी बांधणारे बरेच जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात आणि तिथेच आठवडाभर अडकून बसतात, खरं तर आधी ठरवायचं ते हे की खेळणार काय. नुसतं व्हॅलोरंट, सीएस२, माइनक्राफ्ट असेल तर हिशोब वेगळा, आणि सायबरपंक, रेड डेड २ असं काही डोक्यात असेल तर पूर्णच वेगळा. खाली मी ५०-६० हजार धरलेत ते फक्त कॅबिनेटच्या आतल्या सामानाचे, मॉनिटर-कीबोर्ड त्यात नाही. आणि अजून एक, यूट्यूबवरचे दीड-दोन वर्षांपूर्वीचे बिल्ड बघून बेरीज करू नका, २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की ती गणितं सगळी मोडली. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलली, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे डीडीआर४ की डीडीआर५ (रॅमची जुनी आणि नवी पिढी) हा प्रश्न आता नुसता स्पीडचा राहिला नाहीये, तो थेट बजेटचा झालाय.

आता रस्ते तीन. पहिला, एएमडीचा रायझन ५ ५६००जी घ्यायचा आणि ग्राफिक्स कार्ड सध्या घ्यायचंच नाही. सहा कोअर (प्रोसेसरचे मेंदू), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आत वेगा ग्राफिक्स. व्हॅलोरंट १०८०पी लो सेटिंगला आरामात ६० च्या वर पळतं, सीएस२ पण खेळता येतं, पण मोठे नवे गेम ७२०पी वर सुद्धा रडतात. यात रॅमच ग्राफिक्सची मेमरी म्हणून वापरली जाते, त्यामुळे १६ जीबीची एक काडी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या, इथे ड्युअल चॅनलचा फरक डोळ्यांना दिसतो. पण बरेच जण म्हणतात की आत्ता ५६००जी घेतो, सहा महिन्यांनी कार्ड टाकतो, तर त्यांनी एवढं लक्षात घ्या की ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि ५६००जी मध्ये निम्मी, १६. शिवाय ५६००जी चं पीसीआयई (कार्डाला जोडणारा मार्ग) पण जुनं ३.० च आहे. म्हणजे कार्ड टाकल्यावरही तो ५६०० च्या मागेच राहणार. कार्ड वर्षभर तरी येणार नसेल तरच हा रस्ता, दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर थांबा आणि एकदमच घ्या.

दुसरा रस्ता म्हणजे ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ, सोबत कार्ड. या दोघांत भांडणं खूप होतात पण गेमिंगमध्ये फरक इतका कमी आहे की मी तरी त्यावर डोकं लावणार नाही. दोन्ही सहा कोअर बारा थ्रेड, दोन्ही ६५ वॅटवाले, दोन्हींच्या बॉक्समध्ये कूलर येतो, आणि दोन्हींत आतलं ग्राफिक्स नाही म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही. (२०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांना व्होल्टेजचा जो घोळ झाला त्यात १२४००एफ नव्हता, तेवढी भीती काढून टाका.) ठरवायचं ते मदरबोर्ड बघून. जो बोर्ड-प्रोसेसरचा जोड त्या दिवशी स्वस्त पडेल तो घ्या, फक्त ५६०० सोबत जुना बी४५० बोर्ड घेत असाल तर दुकानदाराकडून बायॉस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, नाहीतर घरी आणून बटण दाबाल, पंखे फिरतील आणि डिस्प्ले येणार नाही. बी५५० मिळाला तर जास्त चांगलं, पीसीआयई ४.० मिळतं. इंटेलकडे एच६१० चालून जातो, रॅमचे स्लॉट दोनच असतात पण पहिल्या पीसीला पुरतात. मात्र बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा हे बॉक्सवर नीट वाचा, इंटेलच्या या सॉकेटवर (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) दोन्ही प्रकारचे बोर्ड येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

तिसरा रस्ता एएम५, एएमडीचं नवं सॉकेट (५६००जी-५६०० चं जुनं ते एएम४), म्हणजे रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००. इथे डीडीआर५ शिवाय पर्यायच नाही. बदल्यात मिळतं काय, तर पुढचा रस्ता: एएम४ वर नवीन काही मोठं येणार नाही, इंटेलचं एलजीए१७०० (१२४००एफ चं सॉकेट) पण १४व्या पिढीवर संपलं, आणि एएम५ ला एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं सांगितलंय. म्हणजे तीन वर्षांनी बोर्ड-रॅम तसंच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. ७६०० मध्ये डिस्प्लेपुरतं आतलं ग्राफिक्स असतं, कधी कार्ड आरएमएला (वॉरंटीत दुरुस्ती-बदलीला) गेलं तर पीसी बंद पडत नाही, कॉलेजचं काम त्याच पीसीवर असेल तर ही सोय मोठी आहे.

माझं मत सरळ आहे. एएम५ साठी वरचे पैसे हातात असतील तर एएम५, पण ते पैसे कार्डातून काढून घालायचे असतील तर अजिबात नको. ७५००एफ सोबत कमजोर कार्ड आणि ५६०० सोबत तगडं कार्ड यात गेम दुसऱ्यावरच चांगला चालणार. घरात कोणाच्या जुन्या पीसीतली डीडीआर४ पडून असेल तर मग विचारच करू नका, दुसरा रस्ता.

कार्डावर जरा वेळ घालवा कारण फसगत इथेच होते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात, ८ जीबी आणि ६ जीबी, आणि फरक नुसत्या मेमरीचा नाहीये, कोअर २५६० ऐवजी २३०४, मेमरी बस (मेमरीकडे जाणारा मार्ग) १२८ बिट ऐवजी ९६ बिट. ६ जीबीवालं ७० वॅट खातं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे एखाद्या जुन्या ऑफिस पीसीत टाकायला ते छान आहे, पण नव्या बिल्डमध्ये मी घेणार नाही. त्याच्या आसपासच्या पैशात एएमडीचं आरएक्स ६६०० मिळत असेल तर तो ८ जीबीच्या ३०५० च्या पण चांगलाच पुढे पळतो आणि १३२ वॅटमध्ये भागवतो. फक्त तो २०२१ चा आहे, आणि २०२५ च्या शेवटी एएमडीने ५००० आणि ६००० सिरीजचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नव्या कार्डांपासून वेगळ्या शाखेत टाकले, त्यामुळे आरएक्स ७६०० थोड्याच फरकात मिळत असेल तर तोच घ्या. आरएक्स ६५०० एक्सटी कितीही स्वस्त सांगितला तरी नको, ४ जीबी मेमरी आणि पीसीआयईच्या चारच लेन, ५६००जी किंवा ए५२० बोर्डसोबत तर तो अजून लंगडतो.

इंटेलचं आर्क बी५८० कागदावर सगळ्यात आकर्षक, १२ जीबी, डिसेंबर २०२४ चं. पण त्याला रिसायझेबल बार (बायॉसमधली एक सेटिंग) चालू असावंच लागतं आणि ५६०० सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत काही गेममध्ये ते बरंच मागे पडतं, म्हणून ते तिसऱ्या रस्त्यावाल्यांसाठी. ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंग पण करणार असाल तर एनव्हिडिया, तिथे कुडाची (अशी कामं कार्डावर वेगाने चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरची) सोय दुसरीकडे तशी मिळत नाही, आणि वापरलेलं १२ जीबीचं ३०६० मिळालं तर त्याहून बरं. जुनं घेताना मात्र समोर बसून अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारं सॉफ्टवेअर) चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज बघायचा, विकणारा नाही म्हणाला तर उठायचं. आणि आरएक्स ५८० च्या नावापुढे २०४८एसपी असं दिसलं तर ते कमी कोअरवालं कार्ड आहे हे ओळखा.

आता पॉवर सप्लाय म्हणजे एसएमपीएस, ज्यावर सगळे हजार-दीड हजार वाचवतात आणि माझा जीव तिथेच तुटतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा ५०० वॅटचा एसएमपीएस हातात घ्या आणि बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या खाली १८ अँपियर लिहिलं असेल तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः त्या १२ व्होल्टवरच जगतात, तर तुमच्या कामाचे वॅट २१६, बॉक्सवर काहीही छापलेलं असो. चांगल्या ५५० वॅटवाल्यावर हाच अँपियरचा आकडा ४० च्या पुढेमागे असतो. ५६०० अधिक ६६०० ला ५५० वॅट ब्रॉन्झ भरपूर झाला, पुढे मोठं कार्ड टाकायचं असेल तर ६५०. ८० प्लस ब्रॉन्झ हा वीज किती वाया जाते त्याचा शिक्का आहे, आतलं सामान चांगलं असल्याची खात्री त्यातून मिळत नाही, म्हणून वॉरंटी किमान पाच वर्षांची बघा आणि त्या मॉडेलचे रिव्ह्यू शोधा.

आणि घरचं अर्थिंग तपासून घ्या हो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाहीये, इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा आणि पीसी नंतर जोडा. लाइट ये-जा करणाऱ्या भागात यूपीएस घेणार असाल तर व्हीए कडे बघू नका, वॅट बघा, ६०० व्हीए चा यूपीएस साधारण ३६० वॅटच असतो.

एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी) १ टीबी, ५०० जीबीत दोन-तीन मोठे गेम टाकले की जागा संपते. कॅबिनेट जाळीदार पुढचा भाग असलेलं, काचेचं तोंड नको, आपल्याकडच्या एप्रिल-मेत आतलं सगळं भाजून निघतं. आरजीबी लाइटिंगवर पैसे घालायचे तर शेवटी उरले तर. जोडून झालं की बायॉसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी (रॅम छापील स्पीडला चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ ला चालत राहते. कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डला नाही, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा, कित्येक जण महिनोन्महिने ६० वर खेळत असतात. व्हॅलोरंटवाल्यांनी विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (दोन्ही बायॉसमधल्या सुरक्षेच्या सेटिंग) चालू ठेवायचं, त्याशिवाय गेम उघडत नाही.

घ्यायचं कुठून? मुंबईजवळ असाल तर लॅमिंग्टन रोडला स्वतः जा, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत, पण आदल्या रात्री ऑनलाइन भाव लिहून न्या. एकेका पार्टवर घासाघीस करण्यापेक्षा सगळी यादी एका दुकानात देऊन एकूण किमतीवर बोला, तिथे सुटतं. यादीतला एसएमपीएस नाहीये, हा पण तसाच आहे, असं म्हणून दुसरा पुढे केला जातो, तो घेऊ नका, बाकी सगळं तिथून घ्या आणि एसएमपीएस ऑनलाइन मागवा. बिलाशिवाय इतके कमी होतील असंही विचारतील. तेव्हा जीएसटीचे १८ टक्के वाचतात असं वाटतं पण तीन वर्षांच्या वॉरंटीत कार्ड गेलं तर हातात कागद नसतो. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि दुकानातून निघायच्या आधी बॉक्सवरचा नंबर, कार्डावरच्या स्टिकरचा नंबर आणि बिलावरचा नंबर तिन्ही जुळवा. ऑनलाइन मागवलं असेल तर पॅकेट फोडण्यापासून ते पार्ट बाहेर येईपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको.