विविध भारती: गाण्याआधी नावे सांगणारी सेवा

गाणे लावण्यापूर्वी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे सांगण्याची शिस्त आकाशवाणीच्या विविध भारती या सेवेने आजही पाळली आहे आणि तिच्याबद्दल काही लिहायचे तर सुरुवात इथूनच करावीशी वाटते. एका खासगी एफएम केंद्रावर मी बराच काळ गाणी ऐकत असे. तिथे निवेदकाची बडबड थेट गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर चढत असे आणि गाणे कोणाचे हे शेवटपर्यंत कळत नसे. गीतकाराचे नाव न घेता त्याचे शब्द वाजवणे मला अजूनही खटकते.

ही सेवा जन्माला आली ती श्रोत्यांच्या नाराजीतून. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी सरळ आजच्या श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनचा काटा लावला, जिथे १९५२ पासून निवेदक अमीन सयानी यांचा आवाज घरोघरी पोहोचत होता. गेलेला श्रोता परत यावा म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तिच्या उद्घाटनाचे गीत पंडित नरेंद्र शर्मा यांनी लिहिले, अनिल विश्वास यांनी त्याला चाल दिली आणि मन्ना डे यांनी ते गायले. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिराती प्रसारित होऊ लागल्या.

मध्यम लहरींच्या दिवसांत खरखर ठरलेलीच असे. ट्यूबलाइट लावली की आवाज फाटायचा आणि मग ट्रान्झिस्टर हातात घेऊन योग्य दिशा सापडेपर्यंत फिरवावा लागायचा. एफएमवर आल्यानंतर मला पहिल्यांदा डग्ग्याची घुमक वेगळी ऐकू आली आणि वर्षानुवर्षे ऐकलेल्या गाण्यात मागे सतार वाजते, हेही तेव्हाच कळले.

कार्यक्रमांपैकी ‘संगीत सरिता’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. एखादा राग समजावून सांगायचा, त्यावर आधारलेले चित्रपटगीत ऐकवायचे आणि मग तोच राग गायनातून किंवा वादनातून उलगडायचा, ही त्याची साधी मांडणी. पण शास्त्रीय संगीताचे शिक्षण न घेतलेल्या कितीतरी जणांचे कान तिनेच तयार केले. रात्रीच्या ‘छायागीत’मध्ये निवेदक स्वतः गाणी निवडतो, त्यामुळे त्या अर्ध्या तासाला एका माणसाची आवड असते, आणि ती जाणवतेही. सैनिकांसाठीची ‘जयमाला’ आणि नाटिकांचा ‘हवामहल’ हेही तितकेच जुने सोबती.

फर्माइशींच्या कार्यक्रमांत मात्र तीच ती गाणी पुन्हा ऐकू येतात. याचा दोष मी केंद्राला देणार नाही. मागणी आपलीच असते. आजच्या झारखंडमधल्या झुमरीतलैया या छोट्या गावाहून पत्रांचे गठ्ठे यायचे तेव्हाही लोक आवडते गाणेच पुनःपुन्हा मागत. कमी ऐकलेली गाणी हवी असतील, तर सकाळी ‘भूले बिसरे गीत’ लावावे आणि गाण्याआधी सांगितलेली नावे वहीत टिपून ठेवावीत. माझी अशी तिसरी वही आता भरत आली आहे.