बॅटरी विकण्याआधी मीटर लावणारे दुकान

पुण्यातील नाना पेठ गाड्यांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच गल्ल्यांमध्ये ऑटो इलेक्ट्रिकची कामे करणारी काही लहान दुकाने आहेत आणि त्यांपैकी एकाचा अनुभव येथे नोंदवीत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण आहे तेवढीच गर्दी पुरे, असे मालकांनीच हात जोडून सांगितले.

माझी गाडी २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक असून तिला ३५ अँपिअर-अवर क्षमतेची (१ अँपिअरने ३५ तास पुरेल एवढी वीज साठवणारी) बॅटरी बसते. मार्चमध्ये मी निवृत्त झालो आणि एप्रिलपासून तक्रार सुरू झाली. गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता टकटक आवाज येई आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत. घराजवळच्या एका बॅटरी विक्रेत्याने त्याचे हातातले यंत्र लावले, त्यावर बॅटरी बदलावी असा निकाल आला आणि अर्ध्या तासात मी ४,६०० रुपयांची नवी बॅटरी घेऊन घरी परतलो. जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये गेली. बाराव्या दिवशी नवी बॅटरीही उतरली.

विक्रेत्याने ती दोनदा चार्ज करून दिली आणि दोन्ही वेळा एकच उत्तर दिले : तुम्ही गाडी चालवत नाही, म्हणून उतरते. बदलून मात्र दिली नाही. नियमाच्या दृष्टीने त्याचे चुकले असे म्हणता येत नाही, कारण वॉरंटी बॅटरीतील दोषाला असते, उतरलेल्या बॅटरीला नसते. मधल्या काळात एका गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढण्यात आली आणि इंजिन बंद पडले नाही म्हणून अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, उत्तम असल्याचे जाहीर झाले. ही जुन्या गाड्यांवरची सवय आहे. बॅटरीचा आधार अचानक निघाला की व्होल्टेज उसळते आणि आजच्या गाडीतील इसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्यात जाऊ शकतो, हे मला नंतर कळले.

नाना पेठेतील दुकान बाप-लेक चालवतात. मालक काउंटरवर असतात आणि मीटरचे काम प्रामुख्याने त्यांची मुलगी करते. मी गेल्या गेल्या दुसरी, मोठी बॅटरी घालावी का, असे विचारले. त्यावर मालक म्हणाले, “काका, विकायला मला दहा मिनिटं लागतात. पण टाकी गळत असेल तर मोठी टाकी लावून काय होणार?” त्यांनी आधी बॅटरी ठेवून घेतली आणि कमी अँपिअरवर रात्रभर चार्ज केली. उतरलेली बॅटरी तपासणी यंत्राला लावली तर यंत्र चांगल्या बॅटरीलाही बाद ठरवू शकते, म्हणून आधी चार्जिंग, मग थोडी विश्रांती आणि मग तपासणी, असा त्यांचा क्रम आहे. हे ऐकताना मला एक्स्चेंजमध्ये गेलेली जुनी बॅटरी आठवली. ती खरोखर मेली होती की फक्त उपाशी होती, हे आता कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशीचे आकडे त्यांनी मला मीटरवर दाखवत सांगितले. विश्रांतीनंतर बॅटरी १२.६ व्होल्टवर होती, म्हणजे जवळजवळ पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास ती निम्मी समजतात आणि १२ च्या खाली गेली की रिकामी होत आल्याचे मानतात. सेल्फ मारताना व्होल्टेज १०.४ पर्यंत उतरले, आणि ते साडेनऊच्या खाली गेले असते तर काळजी होती. इंजिन चालू करून हेडलाइट, एसी आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावर १४.१ व्होल्ट मिळत होते. म्हणजे बॅटरी चांगली आणि अल्टरनेटर तिला भरतही होता. उरला एकच प्रश्न : गाडी बंद असताना वीज कोण पिते?

त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये अँपिअर मोजणारे मीटर जोडले जाते. बोनेट उघडे असले तरी ते बंद आहे असे गाडीला वाटावे म्हणून त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवून घेतात, दारे लावतात, चावी दूर ठेवतात आणि गाडीतील सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जाईपर्यंत अर्धा तास गाडीला हात लावत नाहीत. पंचविसाव्या मिनिटाला मी माझा चष्मा घ्यायला दार उघडले. मुलीने काही न बोलता मोबाइलमधला टायमर पुन्हा शून्यावर आणला आणि वडिलांनी माझ्यासाठी चहा मागवला.

दुसऱ्या अर्ध्या तासानंतर मीटरवर ०.४२ अँपिअर दिसत होते. उभ्या गाडीत ०.०५ पर्यंतचा प्रवाह स्वाभाविक मानतात, कारण घड्याळ, सेंट्रल लॉक आणि इसीएमची स्मृती यांना थोडी वीज लागतेच. ०.४२ म्हणजे चोवीस तासांत सुमारे १० अँपिअर-अवर. माझी ३५ ची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामी होत होती आणि तिसऱ्या सकाळची टकटक तिथूनच येत होती.

येथपर्यंतचे काम कोणीही चांगला वायरमन करील. पुढचे काम पाहून मला हे लिहावेसे वाटले. फ्यूज एकेक करून उपटण्याची सर्वत्र रीत आहे, पण फ्यूज काढता-घालताना झोपलेली यंत्रणा जागी होते आणि मोजमाप बिघडते. या मुलीने फ्यूज जागेवरच ठेवले. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, त्यांवर तिने मीटरची टोके टेकवली आणि मिलिव्होल्ट वाचत गेली. ज्या फ्यूजमधून प्रवाह जात असेल तेथे एखाददुसरा मिलिव्होल्ट तरी दिसतो. सगळ्या फ्यूजवर जवळपास शून्य होते. मला वाटले, आता ही हरली. ती म्हणाली, “मग फ्यूजबॉक्सच्या बाहेरून जातंय.” तेथे संशयित दोनच उरले : डायोड (वीज उलटी वाहू न देणारा भाग) बिघडलेला अल्टरनेटर किंवा कोणी नंतर थेट बॅटरीवरून घेतलेली वायर. तिने बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढली आणि पुन्हा मोजले. आकडा तसाच राहिला. मग बॅटरीच्या टर्मिनलवरून निघालेली एक लाल वायर मॅटखालून माझ्या सीटपर्यंत गेलेली सापडली.

सीटखाली वूफर होता. तो मीच दोन दिवाळ्यांपूर्वी एका ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात बसवून घेतला होता. तिने माझा हात धरून त्या खोक्यावर ठेवला. गाडी सकाळपासून बंद होती आणि खोका कोमट लागत होता. वूफरच्या अँप्लिफायरला जागे करणारी निळी वायर म्युझिक सिस्टिमच्या निळ्या वायरला जोडायची असते. ती पिवळ्या वायरला पिळून वर टेप गुंडाळलेली होती. पिवळ्या वायरला चोवीस तास वीज असते, त्यामुळे तो अँप्लिफायर दीड वर्ष झोपलाच नव्हता. नोकरीत असताना मी रोज पन्नास किलोमीटर गाडी चालवत होतो, रात्रीत गेलेली वीज दिवसा भरून निघत होती आणि दोष झाकलेला राहिला. गाडी चालवत नाही म्हणून बॅटरी उतरते, हे विक्रेत्याचे म्हणणे त्या अर्थाने अर्धे खरे होते.

वायर योग्य जागी जोडून, सोल्डर करून आणि स्लीव्ह चढवून झाल्यावर मीटरवर ०.०२ आले. एकूण बिल १,१०० रुपये झाले, त्यात चार्जिंगचे वेगळे पैसे लावलेले नव्हते.

तक्रारीही आहेत. गाडी उभी करायला जागा नाही आणि अर्ध्या तासाची झोप रस्त्याच्या कडेला घेताना हॉर्नचा भडिमार सहन करावा लागतो. वेळ देऊन बोलावले तरी तासभर थांबावे लागले. मोजलेले आकडे बिलावर लिहून द्या, असे मला सांगावे लागले. एवढे काटेकोर काम करणाऱ्यांनी ते आपण होऊन लिहायला हवे. दुरुस्तीवर किती दिवसांची हमी, या प्रश्नालाही “काही झालं तर या” यापलीकडे उत्तर मिळाले नाही.

त्यानंतर मी रेल्वेने कोल्हापूरला जाऊन आलो. गाडी नऊ दिवस उभी होती. परतल्यावर स्वतःच्या नव्या मल्टिमीटरने मोजले तेव्हा १२.५ व्होल्ट दिसले आणि पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झाले. मात्र तीनदा पूर्ण उतरल्यामुळे या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरले असणार आणि तिचे आयुष्य थोडे घटले असणार, असे मालकांनी निघतानाच सांगितले होते. दिवाळीपूर्वी पुन्हा तपासणीला बोलावले आहे. जाणाऱ्याने सकाळी दहाच्या आत पोहोचावे आणि चष्मा आधीच खिशात ठेवावा.