स्पॅनिश मेडल ओळखून पाहिजे तं इथं जा, विकत घ्यायला नको

आमच्या तालुक्याच्या बसस्टँडमागं जुन्या नाण्यांचं एक दुकान आहे, बाजूला कृषी केंद्र आणि समोर सावजीची खानावळ, बोर्ड काही धड नाही पण विचारलं तं कोणीही दाखवून देते. नाणे, नोटा, जुने कुलुपं, अडकित्ते सगळं चालते तिथं. पण मी लिहून राहिलो ते तिथल्या काकांच्या मेडल ओळखून द्यायच्या कामाबद्दल, कारण खेड्यापाड्यात बसून परदेशी मेडल, त्यातही स्पेनचे, सांगणारा माणूस भेटणं म्हणजे लय झालं राजेहो. एका नगाचे दीडशे रुपये घेतात आणि कागदावर लिहून देतात.

माझा माल मामाचा. मामा जहाजावर नोकरीला होते, बार्सिलोनाच्या जुन्या बाजारातून त्यांनी डबाभर बिल्ले आणले होते, ते आता माझ्याकडे आले.

काका क्रॉस, म्हणजे क्रुसाच्या आकाराचं मेडल, नंतर पाहतात, आधी त्याच्यावरचा मुकुट पाहतात. डब्यात लाल मीन्याचा मिलिटरी मेरिटचा, म्हणजे स्पेनच्या फौजेतल्या कामगिरीचा, क्रॉस होता, तो त्यांनी भिंगाखाली धरला आणि मलाही पाहायला लावलं. हा क्रॉस १८६४ मध्ये राणी इसाबेल दुसरीनं सुरू केला, लाल म्हणजे लढाईतली कामगिरी, पांढरा म्हणजे शांततेच्या काळातली, निळा-पिवळा फार नंतरचे. आकार तं तोच चालत आला, मग साल कसं काढता? तं मुकुटाच्या कमानी वर जुळून बंद झाल्या असतील तं राजेशाहीचा, तटाच्या बुरुजासारखा असेल तं प्रजासत्ताकाचा म्हणजे १९३१ नंतरचा, आणि कमानीच नसलेला उघडा मुकुट असेल तं १९३८ पासूनचा, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतला. फ्रँको १९७५ मध्ये मेला, राजा गादीवर बसला आणि मुकुट पुन्हा बंद झाला. म्हणजे बंद मुकुट १९३१ च्या आधीही सापडते आणि १९७५ नंतरही, तिथं मग मीना, घडण आणि डबीवरचं कारखान्याचं नाव पाहावं लागते. माद्रिदचे सेहाल्वो आणि बार्सिलोनाचे कास्तेल्स हे दोन नावं काकांनी मला लिहूनच दिले. माझा उघड्या मुकुटाचा निघाला. वरच्या भुजेवर तारखेसाठी बारकी सोनेरी पट्टी असते, ती कोरी होती, त्यामुळं १९३८ ते १९७५ याच्यापेक्षा बारीक काही सांगत नाही म्हणाले, आणि मला हेच आवडलं, उगाच ठोकून दिलं नाही.

खरी मजा दुसऱ्या क्रॉसमध्ये आली. पांढरा मीना, मधात घोड्यावरचा संत, भोवती ‘प्रेमियो आ ला कोन्स्तान्सिया मिलितार’ म्हणजे फौजेतल्या टिकून केलेल्या नोकरीचं बक्षीस. हा सान एर्मेनेहिल्दोचा क्रॉस. मागं स्पेनचा राजा फेर्नान्दो सातवा याची अक्षरं, एफ आणि रोमन सात. ऑनलाईन एका विक्रेत्यानं हुबेहूब असाच नग ‘ओरिजिनल १८१४’ म्हणून टाकला होता आणि किंमत पाहून तं माझे डोळेच फिरले होते. काका म्हणे, बाबू, फेर्नान्दो १८३३ मध्येच मेला, पण त्यानं हा मान १८१४ ला सुरू केला म्हणून त्याची अक्षरं आजच्या क्रॉसवरही असतात. ते स्थापन करणाऱ्याचं नाव झालं, नगाचं वय नाही. माझा त्यांनी विसाव्या शतकातला ठरवला. दोनशे वर्षं जुना म्हणून मी घरी सांगून बसलो असतो तं बायकोनं विकून पंप आणायला लावला असता.

आता नाराजी. एक पितळी मेडल ठेवून जा म्हणाले म्हणून ठेवलं, परत घ्यायला गेलो तं दुकानातल्या पोरानं चिंच लावून असं चकचकीत घासलं की जुना काळपट रंग पार उडाला, आणि वरून त्याचे वीस रुपये मागितले! मेडल घासलं की संग्राहकाच्या लेखी भाव उतरतो, हे काकांना माहीत नाही असं कसं म्हणावं. बोललो, तं ‘पोरगं नवीन आहे’ एवढंच उत्तर. मेडल तिथं ठेवू नका, समोर बसून पाहून घ्या आणि घेऊन निघा.

विकायला ठेवलेल्या मालाबद्दलही हात आखडताच बरा. शोकेसमध्ये ब्लू डिव्हिजनचं एक मेडल आहे, रशियात जर्मनांच्या बाजूनं लढलेल्या स्पॅनिश स्वयंसेवकांसाठी हिटलरनं १९४४ मध्ये काढलं ते. याच्या नकला बाजारात भरपूर. खरं आहे का विचारलं तं काका चष्मा पुसत बसले, गॅरंटी लिहून देत नाही म्हणाले, पण किंमत मात्र खऱ्याची सांगतात. दुसऱ्याचा माल ओळखताना इतका चोख माणूस स्वतःच्या मालावर गुळमुळीत कसा होते, कळत नाही.

ओळखीच्या कामाला पाचातले साडेचार, दुकानाला दोन. फोटो पाठवून होत नाही, नग हातात पाहिजे म्हणतात. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, काका नाण्यांच्या गिऱ्हाईकात असतात आणि भिंग पोराच्या हाती असते.