स्वतःचा मेल सर्व्हर: वर्षभर वापरल्यानंतर

आमचं ऑफिस कोथरूडला, माणसं मोजकी. मेल स्वतःच्या डोमेनवर हवा, पण माणशी दरमहा भाडं नको, म्हणून पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा) घेऊन सर्व्हर उभा केला. वर्ष होत आलंय.

नुसत्या ऑफिसच्या ब्रॉडबँडवर हे जमत नाही. पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, बऱ्याचदा बंद असतो, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलता असतो, आणि असे पत्ते स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (ज्यांच्याकडून थेट मेल येऊ नये अशा पत्त्यांची यादी) आधीच असतात. म्हणून पुढे भाड्याचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर), आणि मेल साठवायचं मशीन ऑफिसात. गुरुवारी लाइट जाते, यूपीएस तासाभरात मान टाकतो, तरी मेल हरवत नाही. व्हीपीएसवरचा पोस्टफिक्स तो रांगेत धरून ठेवतो आणि काही न बदलता पाच दिवस प्रयत्न करत राहतो. येणाऱ्या मेलबद्दल माझी तक्रार शून्य.

खरा छळ जाणाऱ्या मेलचा. एसपीएफ (डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (ही दोन्ही नापास झाली तर काय करायचं तो नियम), पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) सगळं केलं. (डीकेआयएमची २०४८ बिटची किल्ली डोमेनच्या टीएक्सटी रेकॉर्डच्या (मजकुराच्या नोंदीच्या) एका स्ट्रिंगमध्ये मावत नाही, २५५ अक्षरांच्या आत तुकडे पाडावे लागतात.) तपासणीच्या साइटवर सगळे हिरवे. तरी चाकणच्या एका गिऱ्हाइकाचा फोन: "साहेब, कोटेशन अजून आलं नाही." लॉगमध्ये तर स्पष्ट '२५० ओके', म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल घेतला होता. "जरा स्पॅममध्ये बघता का?" तिथेच निघाला. लॉग एवढंच सांगतो की मेल पोचला. कुठल्या फोल्डरमध्ये पडला हे कोणी कळवत नाही. नकार आला असता तर निदान कारण तरी वाचता आलं असतं.

व्हीपीएसच्या आयपीचा भागही तसाच, तो आधी कोणीतरी वापरलेला आणि स्पॅमच्या यादीत गेलेला. आधीचा भाडेकरू उधारी करून गेला की दुकानदार नव्याच्या दारात उभा राहतो, तसं झालं. यादीतून नाव काढायला अर्ज केला, निघालंही, पण मोठ्या मेल सेवा स्वतःचा हिशेब वेगळा ठेवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम आणखी कडक केले. जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं, पण पीटीआर आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम सगळ्यांनाच लागतं.

शेवटी जाणारा मेल एका पैसे देऊन घेतलेल्या रिलेतून (आपला मेल पुढे पाठवणारी सेवा) सोडला. येणारा आणि जुना साठा आपल्याकडेच. काटेकोर माणूस याला अर्धाच सर्व्हर म्हणेल, म्हणू दे. कोटेशनं पोचतात. तुम्ही हेच करणार असाल तर एसपीएफमध्ये रिलेचा इन्क्लुड (त्यांची यादी जोडणारी ओळ) घालताना लुकअप (तपासताना डोमेनच्या नोंदी विचारण्याच्या खेपा) मोजा, दहाच्या वर गेले की एसपीएफ नापास होतं.