गूगल डेटा अ‍ॅनालिटिक्स प्रमाणपत्र : सवय उत्तम लावते, नोकरीसाठी पुढची तयारी हवी

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोकऱ्यांच्या भवितव्याविषयीच्या अहवालात, २०३० पर्यंत टक्केवारीच्या हिशेबाने सर्वांत वेगाने वाढणाऱ्या कामांमध्ये बिग डेटाच्या, म्हणजे प्रचंड आकाराच्या माहितीच्या, तज्ज्ञांना पहिले स्थान दिले आहे. त्याच अहवालात, कंपन्यांना सर्वाधिक महत्त्वाचे वाटणारे कौशल्य म्हणून विश्लेषणात्मक विचाराची नोंद आहे. या दोन्ही नोंदी एकत्र वाचायला हव्यात. डेटाच्या क्षेत्रात शिरू पाहणारे बरेच विद्यार्थी पहिली नोंद वाचून क्लास लावतात आणि दुसरीकडे लक्षच देत नाहीत; परिणामी बायोडेटात सॉफ्टवेअरची नावे जमा होतात, पण समोरचा आकडा कशावरून खरा मानायचा, हे विचारण्याची सवय लागत नाही. कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील ‘गूगल डेटा अ‍ॅनालिटिक्स’ या व्यावसायिक प्रमाणपत्राचे मूल्य मी याच कसोटीवर ठरवतो. ती सवय हा अभ्यासक्रम खरोखर लावतो, आणि म्हणून तो करावा असे माझे मत आहे. मात्र केवळ त्याच्या जोरावर आपल्याकडे नोकरी मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

गूगलने हे प्रमाणपत्र २०२१ मध्ये सुरू केले. मी पूर्ण केलेल्या आवृत्तीत आठ अभ्यासक्रम होते आणि आठवड्याला दहा तासांहून कमी वेळ दिल्यास सहा महिने लागतील, असा गूगलचाच अंदाज आहे. पदवीची किंवा पूर्वानुभवाची अट नाही. शिकवण्याची भाषा इंग्रजी असली, तरी ती साधी आणि संथ आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या, पण बारावीनंतर इंग्रजी पुस्तके वाचण्याचा सराव असलेल्या विद्यार्थ्याला ती अडचणीची ठरणार नाही. पहिले दोन अभ्यासक्रम मात्र पसरट आहेत. ज्याने एखाद्या कार्यालयात एक्सेलवर थोडेफार काम केले आहे, त्याने ते भरभर संपवावेत.

अभ्यासक्रमाचा खरा कस तिसऱ्या आणि चौथ्या भागात, म्हणजे माहिती गोळा करणे आणि ती स्वच्छ करणे या विषयांत दिसतो. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या हाती आधीच नीटनेटकी केलेली फाइल दिली जाते आणि थेट आलेख काढायला शिकवले जाते. येथे मात्र रिकाम्या जागा, दुबार नोंदी, तारखांच्या निरनिराळ्या पद्धती, नावांतील फालतू स्पेस आणि नमुन्यातील एकांगीपणा यांवर पुरेसा वेळ दिला आहे. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी, हा आग्रहही पुन्हा पुन्हा येतो. प्रत्यक्ष नोकरीत विश्लेषकाचा बराचसा वेळ याच कामात जातो, त्यामुळे या भागाला दिलेले वजन मला अत्यंत योग्य वाटते.

शेवटच्या अभ्यासक्रमातील ‘सायक्लिस्टिक’ हा प्रकल्प या शिकवणीची परीक्षा घेतो. सायक्लिस्टिक ही शिकागोतील भाड्याने सायकली देणारी काल्पनिक कंपनी आहे. तिच्याकडे ५,८२४ सायकली आणि ६९२ स्थानके असल्याचे प्रकल्पात सांगितले आहे. माहिती मात्र खरी आहे, कारण ती शिकागोच्या ‘डिव्ही’ या सायकल सेवेच्या सार्वजनिक नोंदींमधून घेतलेली आहे. वार्षिक सभासद आणि अधूनमधून सायकल घेणारे लोक यांच्या वापरात फरक काय, एवढाच प्रश्न आहे. पण अलीकडच्या कोणत्याही एका वर्षाच्या बारा फाइली एकत्र केल्या की नोंदी ५० लाखांच्या वर जातात आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ हून अधिक ओळी मावत नाहीत. त्यामुळे एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) किंवा आर (सांख्यिकीसाठीची संगणकीय भाषा) का शिकायचे, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

त्या नोंदींमध्ये शिरल्यावर काही फेऱ्या सुरू होण्याआधीच संपलेल्या दिसतात. वेळ उणे कशी येऊ शकते, याचा शोध घेतला तर त्यांतील अनेक फेऱ्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या पहाटेच्या निघतात, म्हणजे अमेरिकेत घड्याळे एक तास मागे करण्याच्या वेळेच्या. घड्याळाचे काटे वर्षातून दोनदा हलवण्याची प्रथा आपल्याकडे नसल्याने भारतीय विद्यार्थ्याला ही गोष्ट सहजासहजी सुचत नाही, आणि नेमका म्हणूनच हा अनुभव मोलाचा आहे : माहिती जिथे जन्मते, त्या जागेची रीत ठाऊक नसेल तर तिच्यातील चूक ओळखता येत नाही. लाखो नोंदींमध्ये स्थानकाचे नावही रिकामे असते. विद्युत सायकल स्थानकाबाहेरही कुलूप लावून ठेवता येत असल्याने हे घडते, आणि अशा सर्व ओळी सरसकट काढून टाकल्या तर विद्युत सायकलींचा वापर आहे त्यापेक्षा कमी दिसू लागतो. इतके सोपस्कार झाल्यावरच, सभासद कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ छोट्या फेऱ्या मारतात आणि इतर लोक शनिवार-रविवारी अधिक वेळ सायकल वापरतात, हा निष्कर्ष विश्वासाने मांडता येतो.

साधनांच्या बाबतीत अभ्यासक्रम स्प्रेडशीट, एसक्यूएल, टॅब्लो (आलेख काढण्याचे सॉफ्टवेअर) आणि आर ही चार शिकवतो. एसक्यूएलचा सराव गूगलच्या बिगक्वेरी या ऑनलाइन डेटाबेस सेवेवर होतो. तिच्या विनामूल्य सँडबॉक्समध्ये, म्हणजे मर्यादित आवृत्तीत, महिन्याला एक टेराबाइटपर्यंत माहितीवर प्रश्न चालवता येतात, जे विद्यार्थ्याला भरपूर झाले, पण त्यात तयार केलेली कोष्टके ६० दिवसांनी आपोआप जातात, म्हणून क्वेरी (लिहिलेला प्रश्न) स्वतंत्रपणे जतन करून ठेवावी. टॅब्लो पब्लिक या तिच्या मोफत संकेतस्थळावर ठेवलेले काम सर्वांना दिसते, तेव्हा नोकरीच्या ठिकाणची माहिती तेथे कदापि वापरू नये.

आता उणिवांविषयी. मी केलेल्या आवृत्तीत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाही नव्हती आणि पॉवर बीआय हे आलेख-अहवालांचे सॉफ्टवेअरही नव्हते. पुण्यातील हिंजवडी-खराडीच्या किंवा मुंबईच्या कंपन्यांच्या जाहिराती वाचल्या, तर डेटा अ‍ॅनालिस्टच्या पदासाठी एसक्यूएल आणि एक्सेलच्या जोडीला बहुतेकदा याच दोन गोष्टी मागितलेल्या दिसतात. आर ही सांख्यिकीसाठी उत्तम भाषा आहे आणि तिच्यातून आलेख काढणे आनंदाचे काम आहे, परंतु पहिली नोकरी शोधणाऱ्याने वेळेची वाटणी बाजार पाहूनच करावी. एसक्यूएलमध्ये कोष्टकांची जोडणी आणि नोंदींची गटवारी इथपर्यंतचा पाया पक्का होतो, पण मुलाखतीत हमखास विचारल्या जाणाऱ्या विंडो फंक्शनची (प्रत्येक ओळ कायम ठेवून गटातील क्रम किंवा बेरीज काढणाऱ्या सूत्रांची) तयारी या अभ्यासक्रमावर होत नाही; ती वेगळी करावी लागते. सांख्यिकीही जुजबी आहे.

यापेक्षा गंभीर उणीव मूल्यमापनाची आहे. गुण मुख्यतः प्रश्नमंजूषांवर मिळतात, आणि ज्या प्रकल्पाची मी वर इतकी स्तुती केली तो ऐच्छिक आहे. तो न करताही प्रमाणपत्र हाती पडू शकते. शिवाय जे तो करतात, त्या सर्वांचा प्रकल्प एकच असल्याने मुलाखत घेणाऱ्याने सायक्लिस्टिकचे आलेख अनेकदा पाहिलेले असतात. म्हणून सायक्लिस्टिक सरावासाठी करावा आणि दाखवण्यासाठी आपल्या ओळखीच्या विषयावरचा प्रकल्प उभा करावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

नाशिककडच्या विद्यार्थ्याला त्यासाठी कांद्याइतका चांगला विषय मिळणार नाही. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर क्विंटलच्या हिशेबाने मिळतात. तेथे लासलगाव, लासलगाव-विंचूर आणि लासलगाव-निफाड अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. त्या एकत्र करायच्या की निरनिराळ्या ठेवायच्या, हे आधी ठरवावे लागते. लाल आणि उन्हाळी कांद्याचे दर एकाच सरासरीत मिसळले तर हंगामाचा फरक पुसला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागल्यावर जिल्ह्यातील लिलाव बंद राहिले होते. त्या दिवसांची आवक शून्य धरायची, की तो दिवसच हिशेबाबाहेर ठेवायचा, हा निर्णय सरासरीवर थेट परिणाम करतो. मग ८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीनंतर सर्वसाधारण दर किती दिवसांत किती घसरला, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या उमेदवाराकडे मुलाखतीत बोलण्यासारखे खूप असते, आणि ते त्याचे स्वतःचे असते.

खर्चाचे गणित वेगावर अवलंबून आहे. कोर्सेराची वर्गणी महिन्याची असल्याने रेंगाळणाऱ्याला अभ्यासक्रम महाग पडतो आणि नेटाने करणाऱ्याला स्वस्त. ज्यांना तेही परवडत नाही, त्यांना आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो आणि तो करण्यात संकोच बाळगण्याचे काहीही कारण नाही. नोकरीची हमी देऊन भरमसाट शुल्क घेणाऱ्या एखाद्या क्लासकडे वळण्यापूर्वी हा पर्याय अवश्य पाहावा. वाणिज्य, कृषी किंवा समाजशास्त्राचे पदवीधर आणि कार्यालयात अहवाल तयार करणारे कर्मचारी यांना मी तो निःशंकपणे सुचवेन. ज्याला पायथन येते आणि ज्याने महाविद्यालयात सांख्यिकी नीट शिकली आहे, त्याने मात्र हा अभ्यासक्रम सोडून द्यावा आणि पायथन, सांख्यिकी व रिग्रेशनवर (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीवर) भर देणारे गूगलचेच ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा अ‍ॅनालिटिक्स’ हे प्रमाणपत्र पाहावे.